बिल्जमधलं गोडं पाणी

बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाच्या पोकळीत, पाणी दिसलं की हात आधी पान्याकडे जातो. पाना राहू दे. बोटीत पाणी जिथे साचतं तिथे ते गळत असेलच असं नाही. बहुतेक वेळा नसतंच. पुढच्या बाथरूममधला सुटलेला जोड पाणी आणून सोडतो मागे इंजिनाखाली, कारण मधल्या प्रत्येक फासळीला पाणी वाहून जायला भोक ठेवलेलं असतं आणि बोट कुठेतरी थोडी बसलेली असतेच. म्हणून पहिल्या दिवशी 'कुठे गळतंय' हे शोधत बसू नकोस. 'केव्हा गळतंय' ते बघ. पंप चालू असताना की बंद असताना, टाकी भरताना की वापरताना, इंजिन तापल्यावर की गार असताना, शिडावर बोट कलल्यावर की मूरिंगवर सरळ उभी असताना. हे एकदा कळलं की तळफळ्या सगळ्या उचकटाव्या लागत नाहीत, एखाददुसरीच उचलून भागतं.

गोव्यात बेतीला उभ्या असलेल्या त्या यॉटचं काम तू घेतलंस, म्हणून हे सलग लिहून ठेवतो. मी शिकलो जहाजाच्या इंजिनरूममध्ये, मांडीएवढ्या पाइपांवर. पुढे मुंबईत गेटवेसमोरच्या लोकांच्या बोटी सांभाळताना तेच बोटाएवढ्या नळ्यांना लावलं. गेटवेसमोर बोटी मूरिंगवर असतात, पाणी कॅनमध्ये भरून छोट्या होडीतून न्यावं लागतं. टाकी रिकामी झाली की मालक नळ फिरवून बघतो आणि ओरडतो. कॅन उचलणाऱ्या गड्याचा दंड काही तो बघत नाही.

मालक तुला विचारतील, गोडंच पाणी आहे ना, समुद्र तर आत येत नाही? त्यांना सांग की लाकडाला समुद्रापेक्षा गोडं पाणी वाईट. आपल्याकडच्या होड्या बांधणाऱ्या सुतारांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. खाऱ्यात बुडालेली तळाची फळी टिकते. वरच्या फळ्यांच्या सांध्यात पावसाचं पाणी मुरलं की सडणं तिथून सुरू होतं. फायबरच्या बोटीत लाकूड नसतं असं समजू नकोस. तळफळ्या, आडव्या भिंती, खणांचे तळ, सगळं प्लायवूड आहे. शिवाय बिल्ज पंप रोज थोडाथोडा चालला की कानाला त्याची सवय होते. मग ज्या दिवशी शाफ्टच्या ग्लँडमधून खरंच समुद्र आत येतो त्या दिवशीही कोणी उठून बघत नाही.

तर पहिलं काम, पाणी कुठलं ते ओळखणं. जुने लोक बोट बुडवून जिभेला लावायचे. तू ते करू नकोस. बंदराच्या पाण्यात काय काय असतं ते तुला माहीत आहे. आणि इंजिनाच्या कूलंटमध्ये जे ग्लायकॉल असतं ते चवीला गोडसर आणि पोटात गेलं तर विष. घरी आरओ बसवायला येणारा माणूस पेनासारखा टीडीएस मीटर वापरतो, तो घे, चार-पाचशे रुपयांचं काम आहे. आधी टाकीतल्या पाण्याचा आकडा घे आणि लिहून ठेव. नळाचं पाणी शे-दोनशेच्या घरात येईल, समुद्राचं 35,000 च्या आसपास असतं; तिथे हा मीटर हात टेकतो, काटा संपतो. पण बिल्जमध्ये जुनं मीठ बसलेलं असतं, त्यामुळे गोडं पाणीही तिथे पडल्यावर दोन-तीन हजार दाखवतं आणि माणूस फसतो. म्हणून आधी सगळं पाणी स्पंजने उपस, तळ गोड्या पाण्याने धुऊन फडक्याने कोरडा कर, मग नव्याने जे जमेल ते मोज.

आकडा टाकीएवढाच आला तर गळती तुझ्या टाकी-नळाच्या संसारातली. टाकीपेक्षाही कमी आला तर थांब. नळाच्या पाण्याहून स्वच्छ पाणी बोटीत बहुतेक दोन ठिकाणांहून येतं, आकाशातून आणि एअर कंडिशनरच्या ट्रेमधून. ज्यांचा मास्ट डेकमधून आरपार खाली जातो अशा शिडाच्या बोटींत पाऊस मास्टच्या आतून थेट बिल्जमध्ये उतरतो. गेटवेला एका मालकाने या पावसापायी नवा पंप बसवला, मग नळ्या बदलल्या. पुढच्या जूनमध्ये पाणी परत हजर. एसीचं पाणीही तसंच. ट्रेची नळी बिल्जमध्येच सोडलेली असते, आणि गोव्याच्या मे महिन्यात एक रात्र एसी चालला की ती बादलीभर पाणी सहज देते. फ्रिजच्या पेटीलाही खाली नळी असते, तीही बघ.

आणि एक सांभाळ. हा मीटर पावसाळ्यात मांडवीत तेवढा विश्वासाचा राहत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये नदीला पूर आणि त्यात ओहोटी असली की पाण्याच्या वरच्या थराचा खारटपणा पार उतरतो. हिवाळ्यात खारं ते नदीचं आणि गोडं ते टाकीचं, हा हिशेब सरळ असतो. भर पावसात नदीच गोडसर होते. तेव्हा टाकीत खायचा रंग टाक, अगदी चिमूटभर. बिल्जमध्ये रंग उतरला तर पाणी तुझं, नाही उतरला तर बाहेरचं. बोटीला टाक्या दोन असतील तर एकीत केशरी, एकीत हिरवा. काम झालं की टाक्या धुऊन काढ, नाहीतर मालकीणबाई चहाचा रंग बघून तुला बोलावतील.

पाणी टाकीचंच ठरलं की पुढचा सगळा तपास पंपाच्या भोवती फिरतो. बहुतेक यॉटींवर 12 किंवा 24 व्होल्टचा डायफ्रॅम पंप असतो आणि त्याच्या डोक्यावर प्रेशर स्विच. नळ उघडला की दाब पडतो, स्विच पंप सुरू करतो. नळ बंद केला की दाब चढतो आणि 40 पीएसआयच्या आसपास पंप आपोआप थांबतो. आता हा दाब किती मोठा आहे ते समजून घे. गावच्या घराच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी खालच्या नळाला साधारण 5 पीएसआयने येतं. 40 पीएसआय म्हणजे तीच टाकी 28 मीटर उंच, नवव्या मजल्याच्या वर नेऊन ठेवल्यासारखी. घरी जो जोड हाताने आवळला तरी जन्मभर कोरडा राहतो, तोच बोटीत घाम गाळतो. घरांची कामं करणारे चांगले चांगले प्लंबर बोटीवर येऊन इथेच चकतात.

संध्याकाळी सगळे उतरून गेले की बोटीत एकटा थांब. टाकी भर, सगळे नळ बंद कर, शॉवर, डेकवरचा शॉवर आणि गोड्या पाण्याने फ्लश होणारा संडास असेल तर तोही बघ. पंप चालू कर. तो दाब भरेल आणि थांबेल. आता फ्रिज, पंखे, रेडिओ सगळं बंद करून नुसता बस. नळ कोणी उघडलेला नसताना पंप मध्येच टर्र वाजला, तर दाब कुठून तरी जातोय. घड्याळ लाव आणि दोन टर्रमधलं अंतर लिहून ठेव. दोन मिनिटांनी वाजला तर गळती डोळ्यांना दिसेल एवढी असणार. दोन तासांनी वाजला तर सावकाश शोधायची तयारी ठेव. हा आकडा तुझा खरा मापक आहे. दुरुस्तीनंतर गळती कमी झाली की नुसती हलली, हे तोच सांगतो.

पंप वाजतोय आणि बिल्ज मात्र कोरडा ठणठणीत, असंही होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त बाहेर शोधत बसू नकोस. पंपाच्या आत एकतर्फी व्हॉल्व्ह असतात, रबराचे. त्यात कचरा अडकला की दाबाचं पाणी उलटं टाकीत परत जातं. एक थेंब बाहेर पडत नाही आणि पंप रात्रभर वाजत राहतो. दुसरं, एखादा नळ सिंकमध्ये ठिबकत असतो आणि ते पाणी सरळ समुद्रात जातं. प्रत्येक सिंक पुसून कोरडं कर आणि नळाखाली टिश्यू पेपर ठेव, सकाळी कळेल. संडासाच्या भांड्याच्या आतल्या बाजूलाही एक चिकटव.

पंपाचा दोष की पुढच्या नळीचा, हे ठरवायला पंपाच्या लगेच पुढे एक बॉल व्हॉल्व्ह हवा. नसेल तर आजच बसवून घे, याच्याइतका उपयोगी आणि स्वस्त नग बोटीवर दुसरा नाही. दाब भरला की तो बंद कर. तरीही पंप वाजला तर दोष पंपात किंवा त्या वीतभर नळीत. गप्प झाला तर दोष पुढे. मग एकेक फाटा तोडत जा. गीझरला जाणारा कॉक बंद करून घड्याळ लाव; अंतर वाढलं तर गळती गरम बाजूला. मग पुढचं बाथरूम, मग स्वयंपाकघर. एका वेळी एकच कॉक फिरवायचा आणि लगेच वहीत लिहायचं. ज्या बोटींत फाट्यांना कॉकच नाहीत तिथे फाटा सोडवून तोंडाला बूच मारावं लागतं, वेळ जातो, पण पद्धत हीच.

काही बोटींवर पंपाजवळ अ‍ॅक्युम्युलेटर असतो, फुटबॉलएवढी टाकी, आत रबराची पिशवी, अर्ध्यात हवा. तो दाबाची साठवण करतो, पंप कमी वेळा लागतो. त्याच्या टोकाला मोटारीच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह आहे. व्हॉल्व्हची पिन नखाने दाब. हवा आली तर ठीक. पाणी आलं तर आतली पिशवी फाटली, नग बदल. हवा भरायची ती पंप बंद करून आणि नळ उघडून सगळा दाब काढल्यावर, पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याच्या दोन-तीन पीएसआय खाली. सायकलच्या पंपाने होतं.

आता पंपाच्या अलीकडची बाजू, टाकी ते पंप. ही बाजू उलट वागते म्हणून नव्या माणसाला सापडत नाही. पंप चालू असताना या नळीत दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे तिथे जोड सैल असेल तर पंप चालताना पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. नळ फुर्र फुर्र करून थुंकतो, पंपाचा आवाज पोकळ होतो, आणि टाकी भरलेली असूनही तो वेळेवर थांबत नाही. पंप थांबला आणि टाकीची पातळी जोडाच्या वर असली की मग तोच जोड सावकाश ठिबकायला लागतो. म्हणजे बोटीवर माणसं असताना कोरडं, माणसं गेल्यावर ओलं. पंपाआधीच्या गाळणीचं पारदर्शक झाकण पहिलं बघ. त्याची ओ-रिंग साफ करताना वळते किंवा तिच्यावर वाळूचा कण बसतो. झाकण घट्ट आवळलं म्हणून ती बसत नाही, उलट झाकणालाच चीर जाते. ओ-रिंग काढ, पूस, सिलिकॉन ग्रीसचा हात फिरव आणि झाकण हातानेच लाव.

पंप पूर्ण बंद, ब्रेकर पाडलेला, तरी पातळी उतरतेय? मग टाकी. इथे एक साधी युक्ती आहे, तिने मला कधी दगा दिलेला नाही. टाकी काठोकाठ भर, पातळीला बाहेरून चिकटपट्टीची खूण कर; टाकी दिसत नसेल तर तपासणीच्या झाकणातून काठी घालून माप. रोज सकाळी माप. पातळी उतरत जाईल आणि एके ठिकाणी थांबेल. जिथे थांबली तिथल्या उंचीवर भोक. झाकणापाशी थांबली तर गॅस्केट, मध्यावर थांबली तर पातळीमापक किंवा एखादा नळीचा जोड, तळापर्यंत गेली तर वेल्डिंगची रेघ किंवा खालचा निचऱ्याचा कॉक. स्टीलच्या टाक्या खालून जातात. ओल्या फोमवर किंवा ओल्या प्लायवूडवर टेकलेलं स्टेनलेससुद्धा हवा न मिळाल्याने गंजतं, आणि वेल्डच्या कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. त्यावर बाहेरून पुटी थापणारे लोक मी पाहिलेत. महिना-दोन महिने निघतात. टाकी बाहेर काढून नवं वेल्डिंग किंवा नवी टाकी, दुसरा इलाज मला मान्य नाही.

झाकणाची गळती ओळखायची आणखी एक खूण आहे ती शिडाच्या बोटीवाल्यांना लगेच पटेल. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारचा वारा वायव्येचा. मुंबईहून गोव्याकडे येताना तो पाठीमागून मिळतो, बोट सरळ चालते. परत मुंबईकडे जाताना त्याच वाऱ्यावर समोरून कापत जावं लागतं आणि बोट तासन्‌तास एका अंगावर कलून राहते. 'गोव्याला येताना कोरडी, मुंबईला जाताना ओली' अशी तक्रार आली की पंपाकडे बघूच नकोस. टाकीचं वरचं झाकण, मापकाचं गॅस्केट किंवा हवेची नळी. पाणी उजव्या अंगावर कलल्यावर येतं की डाव्या, तेवढं विचार, बाजूही कळेल.

भरतानाच पाणी येत असेल तर डेकवरच्या तोंडापासून टाकीपर्यंतची जाड नळी आणि तिच्या क्लिपा. ही नळी कोणी बघत नाही, कारण ती महिन्यातून एकदा अर्धा तास ओली होते. आणि धक्क्यावरच्या नळाला बोट जोडायची सोय कुठे मिळाली, कोचीच्या मरिनात मिळते, तर एक लक्षात ठेव. टाकीतलं पाणी गळालं तर जास्तीत जास्त टाकी रिकामी होईल. धक्क्याचा नळ मात्र संपत नाही. नळी फुटली आणि बोटीवर कोणी नसलं तर गोड्या पाण्याने भरूनही बोट बुडते. माणसं उतरली की धक्क्याचा नळ बंद. बोटीतला पंपाचा ब्रेकरही पाडायचा, गेटवे असो की बेती.

गरम पाण्याच्या गीझरवर जरा थांबायला हवं, कारण तिथे गळती नसतानाही पाणी येतं आणि गळती असताना माणूस दुर्लक्ष करतो. 20 अंशांचं पाणी 70 अंशांवर नेलं की साधारण 2 टक्क्यांनी फुगतं. 30 लिटरच्या गीझरमध्ये अर्धा लिटरहून जास्त पाणी वाढलं. आत येणाऱ्या नळीवर एकतर्फी व्हॉल्व्ह, म्हणून मागे जाता येत नाही. नळ बंद, म्हणून पुढे जाता येत नाही. ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. बोटींच्या बऱ्याच गीझरवर हा व्हॉल्व्ह 75 पीएसआयला उघडतो. म्हणून इंजिन चालवल्यावर किंवा गीझर लावल्यावर दरवेळी थोडं पाणी आलं आणि गार झाल्यावर थांबलं, तर तो आपलं काम करतोय. त्याची नळी बाटलीत सोड आणि बाटली भरते किती ते बघ. गार असतानाही ठिबकत असेल तर सीटवर क्षार बसलाय. तरफ दोन-चार वेळा उचलून धुऊन बघ, नाही थांबला तर नवा बसव. बूच मारायचं नाही. कोणी कितीही सांगितलं, मालकाने सांगितलं तरी, सेफ्टी व्हॉल्व्हला बूच मारायचं नाही. दाबाला बाहेर पडायची वाट राहिली नाही की गीझरची टाकीच फुटते.

ज्या गीझरमध्ये इंजिनाचं गरम कूलंट वेटोळ्यातून फिरतं त्याची आणखी एक भानगड. वेटोळ्याला भोक पडलं की दोन पाणी एकमेकांत जातात. पंप चालू असताना गोड्या पाण्याचा दाब कूलंटपेक्षा जास्त, म्हणून टाकीचं पाणी इंजिनात शिरतं. इंजिनाच्या हेडर टाकीची पातळी तू न भरताच वर येते, कॅप उघडली की ओसंडते. पंप बंद आणि इंजिन गरम असेल तर उलटं होतं, कूलंट आंघोळीच्या पाण्यात. बिल्ज दोन्ही वेळी कोरडा. टाकीतलं पाणी मात्र जातंय. हेडर टाकीची पातळी विनाकारण वर दिसली की त्या दिवसापासून गरम पाणी बंद, गीझरच्या दोन्ही कूलंट नळ्या सोडवून एकमेकींना जोडून टाक आणि नवा गीझर मागव. नळांतून पाणी सोडून सगळी लाइन धुऊन काढल्याशिवाय कोणाला पाणी प्यायला देऊ नकोस.

वापरल्यावरच ओल येते, आणि तिला साबणाचा वास आहे? ती निचऱ्याची. सिंकला बूच लाव, काठोकाठ भर, खालची नळी टिश्यूने पूस, मग एकदम सोड. जे ठिबकायचं ते त्या अर्ध्या मिनिटात ठिबकतं. शॉवरच्या ट्रेत पाणी अडवून दोन तास ठेव.

गळका फाटा सापडला की मग डोळे आणि हात. टिश्यू पेपर हा खरा डिटेक्टर. प्रत्येक जोडाखाली एक घडी टेकव, बोटाला जी ओल कळत नाही ती कागदाला कळते. नळी लांब आणि आडवी असेल तर तिच्याखाली खडूची पूड भुरभुरव, पाण्याचा ओघळ कुठून निघाला ते रेघ दाखवते. बारीक फवारा असेल तर आवाज येतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक जोडावर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडावर टेकवून ऐक. बोट यार्डात वर काढलेली आणि टाक्या रिकाम्या असतील तर लाइनमध्ये सायकल पंपाने 25-30 पीएसआय हवा भरून साबणाचं पाणी ब्रशने लाव, बुडबुडे येतात. हवा फक्त नळ्यांत. टाकी आधी लाइनमधून सोडवून ठेव. टाकी दाबासाठी बनवलेली नसते, तिच्यात हवा भरलीस तर ती फुगून फाटेल.

दुरुस्तीबद्दल थोडकंच. ढकलून बसवायच्या प्लास्टिकच्या जोडात नळी काटकोनात कापलेली हवी. करवतीने नाही, नळी कापायच्या कात्रीने. टोकाजवळ ओरखडा असेल तर तेवढा तुकडा कापून टाक, कारण ओ-रिंग ओरखड्यावर बसत नाही. नळी किती आत जायला हवी ती खूण पेनने करून मगच ढकल आणि नंतर ओढून बघ. टेफ्लॉन टेप निमुळत्या आट्यांवर लागते. जिथे वायसर किंवा ओ-रिंग पाणी अडवते तिथे टेप गुंडाळणं म्हणजे गळतीला आमंत्रण. होज क्लिप घेताना खिशात लोहचुंबक ठेव. पट्टी स्टेनलेसची असते, पण स्क्रू साधा घालतात. चुंबकाला चिकटला तर ती क्लिप घेऊ नकोस, समुद्रावर तो स्क्रूच आधी गंजतो. गरम पाण्याच्या रबरी नळ्या तापून मऊ होतात, त्यांच्या क्लिपा नव्या बसवल्यावर पहिल्या गरम-गार फेरीनंतर पुन्हा अर्धा आटा आवळायच्या. प्लास्टिकच्या आट्यांवर मात्र जोर लावू नकोस. चीर आत पडते, दिसत नाही.

बोट अमेरिकेतून आलेली जुनी असेल तर नळ्यांचा रंग बघ. 1978 ते 1995 च्या सुमारास तिथे घरांत आणि बोटींत करड्या रंगाच्या पॉलिब्युटिलीन नळ्या सर्रास वापरत. क्लोरीनच्या पाण्याने त्या आणि त्यांचे प्लास्टिकचे जोड आतून ठिसूळ होतात. तिथे यावरून मोठा दावा चालला आणि 1995 मध्ये तडजोड झाली. अशा बोटीत एक जोड दुरुस्त केलास की पुढचा फुटतो, कारण सगळे एकाच वयाचे. मालकाला पहिल्याच दिवशी सांग की सगळी लाइन बदलायची आहे. खर्च ऐकून ते नाही म्हणतील, तीन जोड फुटल्यावर हो म्हणतील.

दुरुस्ती झाली असं वाटलं की तळफळ्या लगेच स्क्रूने बसवू नकोस. पुन्हा टाकी भर, दाब दे, रात्रभर पंपाचं घड्याळ लाव. मग गीझर तापवून तीच परीक्षा. मग टाकी भरलेलीच ठेवून वारा चांगला असेल त्या दुपारी आग्वादच्या बाहेर ने आणि दोन्ही अंगांवर तासतासभर कलवून चालव. परत मूरिंगला येऊन बिल्ज बघ, टीडीएस घे, वहीत लिही. कोरडा असेल तर मग स्क्रू.